माइल्स (विमानप्रवासाचे पॉइंट) कसे जमवायचे आणि स्वस्त तिकिटासाठी कुठल्या साइट बघाव्यात?

तिकिटासाठी आधी गूगल फ्लाइट्स उघडा, तारखेवर क्लिक केलं की प्रत्येक दिवसाचा भाव कॅलेंडरमध्येच दिसतो, एक-दोन दिवस मागेपुढे केलं तरी बरेचदा चांगला फरक पडतो, आणि प्राइस ट्रॅकिंग चालू ठेवलं की भाव हलला की मेल येतो. कुठे जायचं तेच ठरलं नसेल तर स्कायस्कॅनरवर 'एव्हरीव्हेअर' टाकून बघा. बुकिंग मात्र शक्यतो एअरलाइनच्या साइटवरच करा, फ्लाइट रद्द झाली तर मधल्या एजंटकडून रिफंड काढताना जीव जातो.

माइल्सचं म्हणाल तर एअर इंडिया 2014 पासून स्टार अलायन्स या एअरलाइन्सच्या गटात आहे, म्हणजे तिच्या महाराजा क्लब या पॉइंट योजनेचं खातं (फुकट उघडतं) असलं की लुफ्तान्सा, सिंगापूर एअरलाइन्सच्या प्रवासाचे पॉइंटही तिथेच घेता येतात. फक्त अगदी स्वस्त क्लासच्या तिकिटावर कधीकधी काहीच मिळत नाही, ते आधी तपासा. आणि बोर्डिंग पास फेकू नका हो, पॉइंट आले नाहीत तर क्लेम करताना तो लागतो!

क्रेडिट कार्डाच्या खर्चावरही पॉइंट मिळतात, त्यासाठी कार्डएक्स्पर्ट आणि टेक्नोफिनो या साइट वाचा, पण दर महिन्याला पूर्ण बिल भरणार असाल तरच, नाहीतर पॉइंटपेक्षा व्याज जास्त जातं.