विज्ञानाची पदवी नसलेल्या ठाणेकराला खाडीच्या संशोधनात खरोखर हातभार लावता येतो का?

होय, येतो. ठाणे खाडीतील रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता मिळाली. परंतु एवढ्या विस्तीर्ण चिखलपट्टीवर मोजक्या संशोधकांना लक्ष ठेवता येत नाही, म्हणून १९८७ पासून दर जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत स्वयंसेवकांचाच मोठा आधार असतो. एरवी आपली यादी ‘ईबर्ड’ या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर ठिकाण, वेळ, निरीक्षणाचा कालावधी आणि प्रत्येक जातीची संख्या यांसह नोंदवावी. त्या यादीत कावळे-कबुतरांसह ओळखलेले सर्व पक्षी असावेत, कारण केवळ दुर्मीळ पक्षी लिहिले तर नेहमीचे पक्षी कमी होत असल्याचे कुणालाच कळणार नाही. (हौशी मंडळी नेमका येथेच आळस करतात.) ओळख पटली नसेल तर अंदाजाने नाव देण्यापेक्षा ती नोंद ‘अनोळखी’ म्हणून ठेवलेली अधिक उपयोगी ठरते.

बाहेर पडण्यापूर्वी भरतीचे वेळापत्रक अवश्य पाहावे. भरतीत चिखल बुडाला की रोहित नवी मुंबईतील सीवूड्सच्या डीपीएस तलावासारख्या पाणथळींवर विसाव्याला येतात आणि तेथे मोजणी सोपी जाते. एखाद्या पक्ष्याच्या पायात संशोधकांनी घातलेले क्रमांकाचे कडे दिसल्यास छायाचित्र, तारीख व ठिकाण बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या निसर्ग-अभ्यास संस्थेला कळवावे.