लेकरू आलं नाही, तर त्याच दिवशी

प्रिय पोरी,

आसपासच्या शाळांच्या शिक्षकांची शिक्षण परिषद भरते, तिथं सगळ्यांसमोर ‘तुमच्या शाळेचा लोकसहभाग शून्य’ असं ऐकावं लागलं, ते तुला लागलं हे मी समजू शकते. पण त्यानंतर तू जी यादी करून पाठवलीस ती वाचून मी चष्मा काढून ठेवला. भिंती रंगवायच्या, त्याही रेल्वेच्या डब्यासारख्या. टीव्हीसाठी लोकवर्गणी. शिष्यवृत्तीचे जादा तास. बालबाजार. जानेवारीत गॅदरिंग. आणि सगळ्यात खाली, जाता जाता लिहावं तसं एक वाक्य : ‘दिवाळीनंतर 34 पैकी 11 मुलं आई-बापांबरोबर ऊसतोडीच्या फडावर जातील, त्यामुळे वर्गात जरा शांतता असेल.’

शांतता म्हणतेस!

तू विदर्भातून आलीस, ऊसतोड तुला नवीन आहे, म्हणून रागावत नाही. म्हणजे रागावलेच होते, पण चहा घेतल्यावर शांत झाले. यादीवर मी काही बोलणार नाही. तुला एकच गोष्ट सांगणार आहे आणि या पत्रात तीच पुन्हा पुन्हा सांगणार आहे. लेकरू शाळेत आलं नाही, की त्याच दिवशी त्याच्या घरी जायचं. दुसऱ्या दिवशी नाही, शनिवारी नाही, ‘आठवडाभर बघू’ तर मुळीच नाही.

का, ते आधी समजून घे. आपल्या बालाघाटात नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी. मुकादम, म्हणजे मजूर गोळा करणारा ठेकेदार, पावसाळ्यातच उचल देतो, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम. ती लग्नात, दवाखान्यात, बोअर घेण्यात केव्हाच संपलेली असते. त्यामुळे दिवाळीनंतर सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात जायचं की नाही, हा प्रश्न त्या घरात उरलेलाच नसतो. उरतो तो एवढाच, की लेकरं न्यायची की आजीपाशी ठेवायची. आणि हे काही ट्रक दारात उभा राहिल्यावर ठरत नाही. ते आत्ता, गणपती ते दसरा या दिवसांत ठरतं. ‘तिकडं कोपीवर, त्या झोपडीत, धाकट्याला कोण बघणार?’ एवढ्या बोलण्यावर ठरतं. ते ठरत असतं तेव्हाच थोरली मुलगी एखाद दिवस घरी राहायला लागते. तुझ्या हजेरीपटावर ती फक्त एक गैरहजेरी असते. त्या घरात मात्र रंगीत तालीम सुरू झालेली असते.

एक महिना सलग आलं नाही की लेकरू शाळाबाह्य धरायचं, असा नियम आहे. नियमाला महिना लागतो. तुला एक दिवस लागला पाहिजे.

फोनवर काम होईल असं समजू नकोस. फोनवर सगळी लेकरं ‘तापानं आजारी’ असतात. दारात गेलीस की तिसरीतली पोर कडेवर भाऊ घेऊन चुलीपुढे बसलेली दिसते. जायचं ते दिवेलागणीच्या आधी, बाया खुरपून परत येतात तेव्हा. ‘का नाही पाठवलं?’ असं विचारायचं नाही, त्यांनी काय तुझी नोकरी केलीय? उंबऱ्याशी बसायचं, पाणी मागायचं, ते प्यायचं. आज वर्गात काय झालं ते लेकराला सांगायचं आणि उद्याचं एक काम त्याच्या गळ्यात मारायचं : ‘उद्या परिपाठात दिनविशेष तू सांगायचा.’ फोटो काढायचा नाही. गृहभेटीचा फोटो गटावर टाकलास की त्या घराचं दार तुला पुन्हा उघडणार नाही, आणि ते बरोबरच असेल.

सरकारला हे कळत नाही असं नाही. 1992 पासून दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीपोटी रोजचा एक रुपया ठरवलेला आहे. रुपया तेव्हाही थोडाच होता, आता तर त्यात पेन्सिलही येत नाही. पण तो हजेरीवर दिला जातो, याचा अर्थ कुणाच्या तरी ध्यानात आलं होतं की सगळी अडचण शाळेत पोचण्यातच आहे. पोचल्यावर शिकवायला तू आहेस की.

आता तुझ्या लोकसहभागाकडे येते. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या बाया ठेवल्या आहेत. तुझ्या समितीतल्या बायांची नावं तुला पाठ आहेत का? त्या सभेला येतात, की त्यांचे नवरे येऊन सह्या करतात? सकाळी 11 वाजता सभा ठेवलीस तर नवरेच येणार, बाया रानात असतात. ज्यांच्या घरचं पाणी तू प्यायलीस त्या बाया अंधार पडताना बोलावलंस तर येतील, आणि बोलतील. आमच्या शाळेचं मैदान पावसात चिखल होऊन जायचं. अर्ज करून मी थकले. शेवटी ज्या बापाच्या दारात मी सगळ्यात जास्त वेळा बसले होते आणि ज्यानं मला एकदा शिवी दिली होती, त्यानंच ट्रॅक्टरनं मुरूम आणून टाकला. वर्गणी मागायला मी कुणाकडे गेले नव्हते.

तू परितेवाडीच्या डिसले सरांचं उदाहरण दिलंस. 2020 साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हा आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, ज्याच्या त्याच्या तोंडी त्यांचे पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड. अगं, त्या पुरस्काराच्या परिचयात मुलींच्या शंभर टक्के हजेरीबद्दलही लिहिलं होतं, गावात आता अल्पवयीन मुलींची लग्नं होत नाहीत असंही होतं. ते कुणी वाचलं नाही. खेड तालुक्यातली जालिंदरनगरची शाळा विषयमित्र करते, म्हणजे मुलंच मुलांना शिकवतात. तेही तुला करावंसं वाटतंय. कर, चांगलंच आहे. दोन शिक्षकांच्या शाळेत तर त्यावाचून इलाज नाही. पण ज्या पोराला मित्रानं शिकवायचं ते पोर आधी वर्गात पाहिजे ना!

माझ्यासारखं वागून काय मिळालं, हे तू विचारलं नाहीस. सभ्य आहेस. तरी सांगते. जिल्हा परिषदेचा आदर्श शिक्षक पुरस्कार मला मिळाला नाही. त्यासाठी आपणच आपली फाईल करून द्यावी लागते, फोटो डकवून, आणि संध्याकाळी मला वेळ नसायचा. माझ्यानंतर नोकरीला लागलेल्यांच्या घरी शाल-श्रीफळांचा ढीग लागला. ‘बाई दारोदार हिंडतात, शाळा कधी करतात?’ असं खुद्द आमच्या केंद्रातच बोललं जायचं. माझा स्वतःचा मुलगा शेजाऱ्यांकडे अभ्यास करून मोठा झाला. आजही हसत हसत म्हणतो, ‘आई, मीच एखाद दिवस शाळा बुडवायला हवी होती.’ त्यावर मला हसता येत नाही. पण तो शेजाऱ्यांकडे सुखरूप होता, पोटभर जेवलेला होता. ज्यांच्या दारात मी बसायचे त्यांच्याकडे असा शेजार नव्हता. हे मी त्याला समजावून सांगत नाही, तुला सांगतेय.

आणि हे दर वेळी जमतं असंही समजू नकोस. चौथीतली एक पोर, अक्षर मोत्यासारखं. तिच्या घरी मी त्याच दिवशी गेले, परत गेले, आजीला राजी केलं. तरी ती गेली, कारण धाकटा भाऊ अंगावरचा होता आणि आईच्या हातात कोयता. शिक्षण हमी पत्रक तिच्या दप्तरात घातलं, म्हणजे तिकडच्या शाळेनं तिला बसवून घ्यावं. तिनं ते कुणाला दाखवलं की नाही, कोपीपासून शाळा किती लांब होती, मला कधीच कळलं नाही. गुढीपाडव्याला ऊसतोडीची टोळी परत आली तेव्हा ती आली नव्हती. तिला तिकडंच मामाकडं ठेवली होती. पुढचं विचारू नकोस. तरीही मी म्हणते, त्याच दिवशी जायचं. ती गेली म्हणून तुझ्या 11 जणांच्या घरी न जाण्याचं कारण मिळत नाही.

अजून एक, आणि हे जरा कडक सांगते. पट कमी झाला तर संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, एक शिक्षक जाईल, म्हणून फडावर गेलेल्या मुलांची हजेरी मांडत राहा, असं तुला कुणीतरी सुचवेल. कदाचित सुचवलंही असेल. भीती खोटी नाही, लहान शाळांवर टांगती तलवार आहेच. पण कागदावर हजर असलेलं लेकरू कुणीच शोधायला जात नाही. तूही जाणार नाहीस, कारण तू स्वतःच लिहिलेलं असेल की ते आलंय. महिना 16 हजारांत तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढायची आहेत, कुणाशी वाकडं घेऊ नये असं वाटतं, कळतं मला. तरी एवढी एक सही करू नकोस.

बाकीचं भराभर सांगते. गावात मागे राहणाऱ्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव समितीच्या ठरावानिशी दसऱ्याआधी तालुक्याला पोचव. नंतर पाठवलास तर मंजुरी येईपर्यंत टोळ्या गेलेल्या असतील. आजीपाशी राहणाऱ्या मुलाला सकाळ-संध्याकाळ जेवण मिळेल एवढी खात्री दिलीस की निम्म्या आया कबूल होतात. उरलेल्यांना मुकादमाचं नाव, कारखाना आणि गाव विचारून वहीत लिहून ठेव. रंगाचं म्हणशील तर भिंती रंगव हवं तर, माझं काही म्हणणं नाही. रेल्वेचा डबा मात्र नको, सगळीकडे तोच आहे.

गॅदरिंग जानेवारीत घेऊ नकोस. तुझ्या शाळेचे एक तृतीयांश आई-बाप तेव्हा फडात उसाचं पाचट बाजूला करत असतील. टोळ्या परतल्यावर, पाडव्यानंतरच्या आठवड्यात घे. परीक्षा जवळ आली म्हणून केंद्रप्रमुख कुरकुरतील, कुरकुरू देत. उन्हाचं आहे म्हणून रात्री आठला सुरू कर आणि मंडपवाल्याला आत्ताच सांगून ठेव. पाडव्याला लग्नसराई असते, नंतर मिळायचा नाही.

तुझी,
बाई