थरथर वेगळी, टकटक वेगळी

प्रश्न : आजोबांची 1930 ची फोर्ड मॉडेल ए रस्त्यावर आणली आहे. ताशी 60 ला पायाखालच्या फळ्या थरथरतात आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा उचलला की इंजिनातून टकटक येते. गॅरेजवाले म्हणतात, इंजिन उतरवून पूर्ण खोलावं लागेल. खोलू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : इतक्यात नको. तुमची दुखणी दोन आहेत.

आधी थरथर. मोकळ्या, सपाट रस्त्यावर 60 गाठा, क्लच दाबून न्यूट्रल करा आणि गाडी नुसती पळू द्या. (घाटात हा प्रयोग नको, या गाडीचे ब्रेक सळयांवर चालतात.) थरथर तशीच राहिली तर चाकं, टायर बघा. थांबली तर ती इंजिनाची. त्यातली थोडी मात्र जन्मजात. चार सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वरच्या अर्ध्या टप्प्यात जास्त वेगाने धावतो, खालच्या अर्ध्यात कमी. त्यामुळे क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, एका फेऱ्यात दोन हिसके बसतात. लँचेस्टर या इंग्रज इंजिनिअरने पहिल्या महायुद्धाआधीच दुप्पट वेगाने उलटसुलट फिरणाऱ्या दोन शाफ्टांचा उतारा काढला होता. तुमच्या गाडीत तो नाही. म्हणून थोडी थरथर राहणारच. ती घालवायला इंजिनाखाली मऊ रबर मात्र सारू नका. मागच्या चाकांचा सगळा रेटा टॉर्क ट्यूबमधून (मागच्या ॲक्सलपासून पुढे येणाऱ्या जाड नळीतून) गिअरबॉक्सवर आणि तिथून इंजिनाच्या बैठकीवर येतो. बैठकीचे बोल्ट तेवढे आवळून बघा.

आता टकटक. मला संशय रॉड बेअरिंगचा, म्हणजे पिस्टनचा रॉड क्रँकला जिथे धरतो त्या जागेचा. या गाडीच्या स्पार्क प्लगांना वायरी नाहीत, उघड्या पितळी पट्ट्या आहेत, ही मोठी सोय. टकटक ऐकू येईल इतक्या वेगावर इंजिन ठेवा. लाकडी मुठीचा, कोरडा स्क्रू ड्रायव्हर घ्या, पातं आधी हेडला (इंजिनाच्या वरच्या झाकणाला) टेकवा, मग प्लगच्या डोक्याला. तो सिलिंडर मेला. असं एकेक करत जा. ज्याच्या मरण्याने टकटक दबते, तो रॉड चोर.

मग फक्त ऑइल चेंबर उतरवा. इंजिन जागेवरच राहू दे. रॉडच्या कॅपखाली (क्रँकला खालून धरणाऱ्या अर्ध्या भागाखाली) शिम, म्हणजे धातूच्या पातळ चकत्या, असतात; त्यांना कागदासारखे पदर असतात. दोन्ही बाजूंचा एकेक सोलायचा, कॅप आवळायची, हँडल मारून बघायचं. बेअरिंगमधली ढील एक-दीड थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) हवी. हँडल जड झालं तर एक पदर परत घाला, नाहीतर व्हाइट मेटल (बेअरिंगच्या आतला मऊ धातूचा थर) वितळेल. व्हाइट मेटलला तडे असतील तर मात्र गॅरेजवाले बरोबर. कितव्या सिलिंडरला टकटक दबली ते कळवा.