घाटातला रस्ता रेससाठी नाही

प्रश्न: ताई नमस्कार, आमचं गाव परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणाऱ्या घाटरस्त्यावर आहे, रस्त्यालगतच माझं चहा न् रबडीचं दुकान आहे. पाणी लागलं की शनिवार-रविवारी गाड्यांची रांग असते, ते चांगलंच आहे, त्याच्यावरच घर चालते. पण आता मोठ्या बाईकवाल्या पोट्ट्यायच्या टोळ्या येतात, सकाळी धुकं असतानाच वळणावर रेस लावतात, एक जण वर मोबाईल धरून उभा राहते. त्यात आता कोण्या ग्रुपनं ग्रामपंचायतीला अर्ज देल्ला, एक दिवस रस्ता बंद करून हिल क्लाइंब रेस, म्हणजे घाट चढायची शर्यत, घेऊ म्हणे, गावाला पैसा भेटल. गावात दोन तट पडले. मी नाही म्हणतो तर लोक म्हणतात तू काहून आडवा येतो, पोट्ट्यायचा खेळ आहे. हे कायद्यात बसते का? आम्ही थांबवू शकतो का?
(एक दुकानदार, चिखलदरा तालुका)

उत्तर: भाऊ, ते आडवं येण्याचं पहिले मनातून काढून टाका. तुम्ही रोज त्या रस्त्यावर असता, बोलायचा पहिला हक्क तुमचाच आहे.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८९. राज्य सरकारची लेखी संमती नसेल तर सार्वजनिक जागी गाड्यांची रेस किंवा स्पीडची ट्रायल हा गुन्हा आहे, आणि नुसता भाग घेणाराच नाही तर रेस होऊ देणाराही त्या कलमात येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, परत सापडला तर १ वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे ग्रामपंचायतीनं सही-शिक्का मारून देला तरी ती संमती होत नाही, उलट सरपंचच अडचणीत येऊ शकतात. या कलमाची झेरॉक्स काढून सरपंचांच्या हातात द्या, अर्धं भांडण तिथंच मिटेल.

पण ग्रुपवाले हुशार असले तर ते वरपर्यंत जाऊन लेखी संमती मागतील, मला खरी काळजी त्याची वाटते, म्हणून गावाचं म्हणणं त्याच्या आधी कागदावर आलं पाहिजे. चिखलदरा न् धारणी दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, पेसा, म्हणजे आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा, लागू आहे, ग्रामसभेच्या ठरावाला इथं वजन आहे. वनहक्क कायदा २००६ चं कलम ५ तर जंगल न् वन्यजीव राखायचा अधिकारच ग्रामसभेला देते. परतवाड्याजवळच्या पायविहीरच्या लोकांनी सामूहिक वनहक्कातूनच उजाड जंगल परत उभं केलं, २०१४ मध्ये त्यांना देशपातळीवरचा जैवविविधता पुरस्कार भेटला, तुमच्यापासून काही लांब नाही, एकदा जाऊन त्यायचे ठराव कसे लिहिलेले असतात ते बघून या.

ठरावात नुसतं 'निसर्ग वाचवा' लिहू नका, अशा कागदाकडं साहेब लोक दुसऱ्यांदा पाहत नाहीत. तुम्हाला जे माहीत आहे ते लिहा. कोणत्या वळणावर संध्याकाळी सांबर उतरते, कोणत्या मोरीजवळ अस्वल दिसते, शाळेची पोरं कुठून रस्ता ओलांडतात, गुरं कधी परततात, किलोमीटरच्या दगडासकट. रातवा पक्षी तर अंधारात डांबरावरच बसून असतो, हेडलाइट पडला की डोळे निखाऱ्यासारखे चमकतात पण उडते तो चाक अगदी जवळ आल्यावर, आणि जोरात येणाऱ्या गाडीपुढं तेवढा वेळच नसतो. दिवसभर तापलेल्या डांबरावर रात्री साप ऊब घ्यायला येतात, पहिल्या पावसात बेडकं निघतात. ४० च्या स्पीडनं गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, ८० नं २२ मीटर, आणि स्पीड दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायला चौपट जागा लागते, ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. धुक्यात समोरची साइडपट्टी दिसत नाही, तिथं हा हिशोब कोण्या पोट्ट्यानं केला असेल?

आणि हे जंगल मेळघाटचं आहे, १९७३ मध्ये प्रोजेक्ट टायगर सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या ९ प्रकल्पांतलं. बोर व्याघ्र प्रकल्पातला बाजीराव वाघ २०१७ च्या डिसेंबरात बाजारगावजवळ हायवेवर गाडीच्या धडकेत मेला, विदर्भात ते अजून लोकांच्या ध्यानात आहे. पेंचजवळच्या हायवेखाली जनावरांसाठी अंडरपास बांधले आणि वाघ-बिबट तिथून जाताना कॅमेऱ्यात दिसलेसुद्धा, पण घाटातल्या अरुंद रस्त्याला असं काही बांधणं सोपं नाही, इथं आपल्या हातात फक्त स्पीड आहे. कर्नाटकात बांदीपूरच्या जंगलातून जाणारा हायवे २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ बंद ठेवतात, म्हणजे जनावरांसाठी रस्त्यावर बंधन घालता येते, हे कोणी हसण्यावारी नेलं तर सांगा.

ठरावाची कॉपी जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, आरटीओ, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि अमरावतीच्या व्याघ्र प्रकल्प कार्यालयाला द्या, सगळ्यांकडून पोच घ्या. त्यातच मागा की वळणांवर रम्बल स्ट्रिप टाका, स्पीडचे बोर्ड लावा, पावसाळ्यात शनिवार-रविवारी पहाटेपासून नाका ठेवा. रेस दिसली तर ११२ ला फोन, गाडीचा नंबर, वेळ, ठिकाण लिहून ठेवा, ते पोट्टे स्वतःच व्हिडिओ टाकतात तोही पुरावाच आहे. पण रस्त्यावर दगड किंवा दोर आडवा लावायचा नाही, कितीही राग आला तरी नाही, जीव गेला तर गुन्हा तुमच्यावर येईल आणि मेलेला पोट्टा कोणाचा तरी असते.

पैशाचं बोलाल तर रस्ता बंद म्हणजे एसटी बंद, दूध बंद, पेशंट घेऊन निघालेली १०८ अडकणार, आणि तुमच्या रबडीचं गिऱ्हाईक त्या दिवशी वर येणारच नाही. हे ग्रामसभेत जरूर मांडा. खेळाला माझा विरोध नाही, कोइम्बतूरला न् चेन्नईजवळ त्याच्यासाठी वेगळे ट्रॅक आहेत, मोकळ्या पडीक जागेवर डर्ट ट्रॅक होऊ शकते. आपल्या पोट्ट्यांनी तशी जागा मागितली तर गावानं त्यायच्या मागं उभं राहावं.

प्रश्न: आमच्या गावात, नवेगावबांधकडं, पोरं सायलेन्सर बदलून गाडीतून फटाक्यासारखा आवाज काढतात, रात्री झोप लागत नाही. काही करता येते का?

उत्तर: येते. आवाजाची मर्यादा मोडणाऱ्या गाडीवर मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) लागते, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, लायसन्सही ३ महिने जाते. गाडीचा नंबर लिहून ठाण्यात लेखी तक्रार द्या, तोंडी सांगून घरी येऊ नका.

प्रश्न: रस्त्यावर धडक लागून पडलेलं हरीण दिसलं तर काय करावं?

उत्तर: उचलून गाडीत टाकू नका, पाणी पाजायला जवळही जाऊ नका, घाबरूनच मरते ते. गाडी बाजूला लावून इंडिकेटर सुरू ठेवा, मागून येणाऱ्याला हात दाखवा आणि वनविभागाला १९२६ वर फोन करा. मेलेलं असलं तरी हात लावायचा नाही, मांस घरी नेलं तर वन्यजीव कायद्याखाली थेट गुन्हा आहे.