चांदी काळी पडली म्हणजे ती खोटी का? आणि दागिने-भांड्यांपलीकडे तिचा उपयोग काय?

काळी पडली म्हणून चांदीवर संशय घेऊ नका. अस्सल चांदीही काळवंडते. लोक ऑक्सिजनला दोष देतात, पण खरा उपद्व्याप गंधकाचा. हवेत हायड्रोजन सल्फाइड हा गंधकाचा वायू किंचितसा असतो, त्यामुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर चढतो. मी एकदा चांदीचे चमचे रबरबँड लावून कपाटात ठेवले. काही महिन्यांनी काढले तर रबर होतं नेमक्या तिथेच काळा पट्टा, बाकी चमचे बरे होते. रबर पक्कं करायला गंधक वापरतात, तेच भोवलं.

घासूनपुसून चकाकी येते, पण दरवेळी थोडी चांदीही निघून जाते. त्यापेक्षा भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा, चांदी तिला टेकेल अशी ठेवा, वर गरम पाणी आणि खायचा सोडा घाला. सल्फाइडची पुन्हा चांदी होते आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. सडक्या अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका, गंधक सुटतोय. खडे जडवलेल्या किंवा मुद्दाम काळ्या केलेल्या दागिन्यांना मात्र हा उपाय नको. (त्यांना 'ऑक्सिडाइज्ड' म्हणतात खरं, पण तो काळेपणाही बहुधा सल्फाइडचाच!)

दागिन्यांवरचा ९२५ हा आकडा म्हणजे ९२.५ टक्के चांदी, उरलेलं बहुधा तांबं. निव्वळ चांदी फार मऊ, लगेच वाकते.

उपयोगाचं म्हणाल तर वीज आणि उष्णता वाहून नेण्यात सगळ्या धातूंत चांदी पहिली, तांबं तिच्या मागे. महाग म्हणून तारा तांब्याच्या. पण चिमूटभर पुरते तिथे चांदीच लागते: सौर पॅनेलवरच्या बारीक रेघा, स्विचमधले संपर्कबिंदू, अनेक कीबोर्डांच्या आतल्या प्लास्टिकवर छापलेली सर्किटं. दुसऱ्या महायुद्धात तांब्याचा तुटवडा पडला, तेव्हा अमेरिकेने अणुबाँब प्रकल्पातल्या विद्युतचुंबकांसाठी सरकारी खजिन्यातून सुमारे १४,००० टन चांदी उसनी घेतली. नंतर जवळजवळ सगळी परतही केली.

चांदीचे आयन जंतूंना मारतात, म्हणून भाजलेल्या जखमेवरच्या मलमात सिल्व्हर सल्फाडायझीन असतं. यावरून कुणी 'चांदीचं पाणी' औषध म्हणून प्यायला सांगितलं तर ऐकू नका. अशी चांदी अंगात साठत गेली की कातडी निळसर-राखाडी होते, आणि तो रंग सहसा परत जात नाही.