व्हिनाइल मार्चमध्ये, पॉलिसी आज

पत्र थोडक्यात असं: मुक्काम श्टुटगार्टजवळ. 2012 सालचं घर, विजेच्या हीट पंपावर चालणारं फ्लोअर हीटिंग, म्हणजे जमिनीखालच्या पाइपांत गरम पाणी. 70 चौरस मीटर कार्पेट काढून व्हिनाइल घालायचं आहे. क्लिकचं (फळ्या एकमेकींत अडकवायच्या) 4,200 युरोत होतं, चिकटवायचं 6,300 मध्ये. दुकानदार म्हणतो, चिकटवायचंच घ्या, हीटिंगच्या बिलात 15 टक्के वाचतील. बिल वर्षाला 1,200 युरो. बँक 7 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी 9,000 युरो द्यायला तयार आहे, उरलेल्यात सोफा होईल. पुण्यात 2020 च्या जानेवारीपासून एनआरई (अनिवासी भारतीयांसाठीची) ठेव आहे, 40 लाखांची. पण ती मोडायची नाही, कारण व्याज टॅक्स-फ्री आहे आणि पैसा लेकीच्या शिक्षणाचा आहे. ताजा कलम: पुण्याच्या बँकेतल्या आरएमने (रिलेशनशिप मॅनेजरने) त्या व्याजातून वर्षाला 2 लाख हप्त्याची 'गॅरंटीड' विमा पॉलिसी काढून दिली आहे, कागद 15 दिवसांपूर्वी आले. तर कुठलं व्हिनाइल घेऊ?

विचारलंय त्याचं उत्तर आधी. 15 टक्के हा आकडा बहुधा जुन्या कार्पेटशी तुलना करून काढलेला आहे. अहो, पण कार्पेट दोन्ही प्रकारांत जाणारच आहे! क्लिक आणि चिकटवलेलं यांतला फरक तेवढा बघायचा. अडीच मिलिमीटरचं चिकटवलेलं व्हिनाइल उष्णता जरा सहज वर सोडतं, त्यामुळे पाइपांतलं पाणी एखाद-दोन अंश कमी तापवून भागतं. एका अंशामागे हीट पंपाची अडीच टक्के वीज वाचते असं धरा. झाले 5 टक्के, म्हणजे 60 युरो. त्यासाठी 2,100 जास्त मोजले तर वसूल व्हायला 35 वर्षं. व्हिनाइल त्याच्या निम्मी वर्षं टिकलं तरी खूप.

तरीही हॉलमध्ये चिकटवायचंच घ्या. बिलासाठी नव्हे, तर तुम्ही लिहिलेल्या दक्षिणेकडच्या काचेच्या दारासाठी. वरून ऊन, खालून पाइप. क्लिकच्या फळ्या तिथे फुगतात आणि थंडीत सांध्यांत फटी पडतात. बेडरूममध्ये क्लिक चालेल, पण दगडाच्या भुकटीच्या कडक गाभ्याचं, म्हणजे एसपीसी. हॉलचे 30 मीटर 90 च्या भावाने 2,700, बाकीचे 40 मीटर 60 च्या भावाने 2,400. एकूण 5,100. क्लिकखाली फ्लोअर हीटिंगसाठी असलेलंच पातळ अंडरले, म्हणजे फळ्यांखालचं अस्तर, घाला. मी आमच्या घरी 'पायाला मऊ लागतं' म्हणून पाच मिलिमीटरचा फोम घातला होता, आणि पुढचा अख्खा हिवाळा खालचा स्लॅब तापवला. पृष्ठभागाची कमाल तापमानमर्यादा खोक्यावर छापलेली असते, बहुतेक ठिकाणी 27 अंश. ती पाळा. हॉलमध्ये जाड गालिचा टाकू नका.

आता जे विचारलं नाहीत ते.

9,000 वर 7 टक्के म्हणजे महिना 178 चा हप्ता आणि पाच वर्षांत 1,700 व्याज. 5,100 च्या व्हिनाइलसाठी! आणि हे कशासाठी, तर पुण्याची ठेव शाबूत राहावी म्हणून. ती कितपत शाबूत आहे ते बघू. 2020 च्या सुरुवातीला युरो 80 रुपयांच्या आसपास होता. तुमचे 40 लाख म्हणजे तेव्हाचे 50,000 युरो. 6 टक्क्यांनी पाच वर्षांत साडेत्रेपन्न लाख झाले. पण 2025 मध्ये युरोने शंभरी गाठली, म्हणजे हातात 53,500. पाच वर्षांची कमाई साडेतीन हजार, वर्षाला दीड टक्काही नाही. मुलगी जर्मनीत शिकणार. इथल्या सरकारी विद्यापीठांत फी नावापुरती; खर्च खोलीभाड्याचा आणि जेवणाचा, आणि तो युरोत. रुपयांत साठवून युरोत खर्च करायचा हा बेत कोणाचा?

त्याहून वाईट 'टॅक्स-फ्री' हा शब्द. एनआरई व्याज भारतात करमुक्त आहे. तुम्ही जर्मनीचे करदाते, त्यामुळे जगभरातलं उत्पन्न इथे दाखवायचं असतं. नवरा-बायकोची मिळून सूट वर्षाला 2,000 युरो (2023 पूर्वी 1,600), त्यावरच्या व्याजाला 26 टक्क्यांहून थोडा जास्त कर. भारतात कर भरलेलाच नाही, तेव्हा वजावट कशाची मागणार? व्याज दरवर्षी जमा होतंय असं धरलं तर वर्षाला तीनेकशे युरो, पाच वर्षांचे दीड हजार. साडेतीन हजारांतून हे वजा करा. आरएम हे सांगत नाही, कारण त्याला जर्मनीशी देणंघेणं नाही. त्याला ठेव नूतनीकरणाचं टार्गेट आहे.

रिटर्नमध्ये हे व्याज दाखवलंय का, याबद्दल पत्रात एक अक्षर नाही, म्हणून नाही असंच समजतो. 2017 पासून भारत आणि जर्मनी खात्यांची माहिती एकमेकांना आपोआप पाठवतात. फिनान्झआम्टकडून (कर कार्यालयाकडून) पत्र येण्याआधी स्वतःहून कबुली दिली आणि कर व्याजासकट भरला, तर खटल्यातून सुटका होते. मात्र ती कबुली किमान 10 वर्षांची आणि पूर्ण असावी लागते. अर्धवट कबुली चालत नाही. हे घरी बसून ईमेलने करायचं काम नाही, श्टॉयरबेराटर, म्हणजे कर सल्लागार, गाठा. त्याची फी सोफ्याएवढी होईल. होऊ द्या.

ते मार्गी लागेपर्यंत ठेवीला हात लावू नका आणि कर्जावर सही करू नका. नंतर 15 लाख मोडून इथे आणा. मुदतीआधी मोडल्याचा दंड बहुधा टक्काभर असतो, तुमच्या बँकेत विचारून घ्या. त्यातून 5,100 चं व्हिनाइल, उरलेले बचत खात्यात, कारण इथल्या खात्यात तुमचे फक्त 3,000 आहेत आणि हीट पंप कधी बिघडेल ते सांगून बिघडत नाही. कार्पेट मार्चपर्यंत राहिलं तर काही बिघडत नाही.

पॉलिसीला मात्र मार्च नाही. अशा 'गॅरंटीड' योजनांचा परतावा नीट काढला तर 5-6 टक्क्यांच्या आसपास येतो, तोही रुपयांत आणि पैसे वर्षानुवर्षं अडकवून. कागद हातात आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते. विम्याचे झालेले दिवस, स्टँप ड्यूटी आणि वैद्यकीय तपासणीचा खर्च कापून बाकीचा हप्ता परत मिळतो. तुमचे 15 गेलेत. विमा कंपनीला आजच लेखी ईमेल करा, पोच मागा. आरएमचा फोन येईल, मुलीच्या भविष्याचं बोलेल. 31 वा दिवस उजाडेपर्यंत तो अतिशय प्रेमाने बोलेल.