जर्मनीत राहायला गेल्यावर रोजच्या जगण्यात कोणते सांस्कृतिक फरक जाणवतात?

तुम्ही पुण्याहून नोकरीसाठी जर्मनीला निघाला आहात आणि खाणंपिणं, वेळ पाळणं हे सोडून आणखी काय वेगळं असतं असं विचारलंय. मी बरीच वर्षं स्टुटगार्टमध्ये राहतेय, त्यामुळे इकडचंच सांगते. बर्लिनवाले यातल्या निम्म्या गोष्टींना हसतील.

जर्मन माणूस शिस्तीचा, तुटक, नियमांना चिकटलेला, हे ऐकून तुम्ही येणारच. मला विचाराल तर त्यातलं बरंचसं स्वभावातून येतच नाही. इथे स्वस्तात दुसऱ्याचे हात मिळत नाहीत, त्यातून येतं. पुण्यातल्या तुमच्या घरामागे किती जण राबतात ते एकदा आठवून बघा. भांड्याच्या मावशी, कचरा न्यायला येणाऱ्या ‘स्वच्छ’च्या ताई, इस्त्रीवाला, गाडी पुसणारा, वॉचमन, फोन केला की संध्याकाळपर्यंत हजर होणारा प्लंबर. इथे यातले बहुतेक जण तुम्ही स्वतःच असता. देशभरासाठी किमान वेतनाचा कायदा २०१५ साली आला तेव्हा तासाला साडेआठ युरो ठरले होते, २०२५ मध्ये ते १२.८२ झाले. प्लंबर तर रीतसर शिकलेला कारागीर, त्याचा दर याच्या कितीतरी वर, आणि येण्याजाण्याचे पैसे वेगळे. मग नळाचा वायसर माणूस आपोआप स्वतःच बदलायला शिकतो.

आमच्या भागातली खास गोष्ट म्हणजे केरवोखे. इमारतीतल्या प्रत्येक घराची झाडलोटीची पाळी येते. पाळी आली की दाराला एक छोटी पाटी लटकते. त्या आठवड्यात आपल्या मजल्याचा जिना झाडून पुसायचा, आणि मोठी पाळी असेल तर तळघर, अंगण, दारासमोरचा फुटपाथसुद्धा. हिवाळ्यात कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत फुटपाथवरचा बर्फ काढलेला असावा लागतो, कारण कोणी घसरून पडलं तर जबाबदारी आपल्यावर येऊ शकते. ही प्रथा किती जुनी म्हणाल, तर ज्याने त्याने आपली घाण दर आठवड्याला बाहेर न्यावी असा नियम स्टुटगार्टात १४९२ साली झाला होता. शहराने १९८८ मध्ये सक्ती काढली, पण भाडेकरारांतून ती अजून जिवंत आहे. काही इमारती आता पैसे देऊन हे काम बाहेरच्यांकडून करून घेतात. आमची नाही. आमच्या वरच्या मजल्यावर एक डॉक्टरीणबाई राहतात, मोठ्या इस्पितळात विभागप्रमुख आहेत, त्याही गुडघ्यावर बसून पायऱ्यांचे कोपरे पुसतात. माझी आई आली होती तेव्हा तिला हे काही केल्या पचेना. ‘इंजिनिअर करून जिना पुसायला पाठवलं का तुला?’ असं ती मला दोनदा म्हणाली. डॉक्टरीणबाईंना बघितल्यावर मात्र ती गप्प झाली. पटलं म्हणून नव्हे, बोलणार काय म्हणून.

रद्दीवाल्याचं कामही आपल्याकडेच. पाण्याच्या किंवा कोकच्या, एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीबरोबर २५ सेंट अनामत भरायची, आणि रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की ती परत मिळते. बिअरच्या काचेच्या बाटलीचे मात्र फक्त ८ सेंट. लोणच्याच्या बरणीवर अनामत नसते. ती रस्त्याकडेच्या डब्यात पांढरी, हिरवी, तपकिरी असा रंग बघून टाकायची, पण रविवारी नाही, कारण काच फुटल्याचा आवाज होतो.

रविवारची शांतता ही थट्टा नाही. रविवार हा कामातून विश्रांतीचा दिवस, हे १९१९ च्या वायमार (तेव्हाच्या जर्मन) संविधानात लिहिलं होतं आणि १९४९ च्या राज्यघटनेने ते कलम तसंच्या तसं उचललं. दुकानं बंद. रेल्वे स्टेशनातली, पेट्रोल पंपावरची अशी थोडीच उघडी. भिंतीला ड्रिल लावाल तर शेजारी दार वाजवेल. आपण याला कडकपणा म्हणतो, पण दुकानातल्या गल्ल्यावरच्या बाईलाही मुलांसोबत घरी बसायला मिळतं ते यामुळेच. हे मला आवडतं. रविवारी कोथिंबीर संपली की कमी आवडतं.

ऑफिसात फार वेगळं वाटणार नाही, विशेषतः तुम्ही चाकणच्या एखाद्या जर्मन कंपनीतून येत असाल तर. दोनच गोष्टी. वाढदिवस ज्याचा, केक त्यानेच आणायचा, आणि आदल्या दिवशी आगाऊ शुभेच्छा द्यायच्या नाहीत, त्या अशुभ मानतात.

हे सगळं वाचून इथे कामाला फार मान आहे असा समज करून घेऊ नका. पहाटे आमच्या ऑफिसातल्या कचऱ्याच्या टोपल्या रिकाम्या करणाऱ्या बायका दुसऱ्या देशांतून आलेल्या आहेत, आणि त्यांची नावं फार कोणाला माहीत नसतात. मोठ्या शहरांत सायकलवरून जेवण पोचवणाऱ्या मुलांमध्ये तर आता आपल्याकडचे विद्यार्थी भरपूर दिसतात. म्हणजे हात लागतातच. फक्त ते घरात येत नाहीत, त्यामुळे दिसत नाहीत. आपल्याकडे मावशींच्या मुलीची दहावीची टक्केवारी आपल्याला माहीत असते, त्यांच्या पगाराचं बोलायचं झालं की मात्र आपण विषय बदलतो. यातलं वाईट कुठलं, यावर माझं आणि नवऱ्याचं अजून एकमत झालेलं नाही.

आता कामाचं. घर शोधताना जाहिरातीत ‘ईबीके’ (EBK) ही अक्षरं आहेत का बघा. ती असतील तर घरात बसवलेलं स्वयंपाकघर मिळतं. नसतील तर बहुधा ओटा, शेगडी, सिंक काहीच नसतं, भिंतीतून बाहेर आलेले पाण्याचे पाइप तेवढे दिसतात. आधीचा भाडेकरू स्वतःचं स्वयंपाकघर उचकटून घेऊन जातो, कित्येकदा छताचे दिवेही. तो ते तुम्हाला विकायला तयार असतो, तर भाव करा आणि घ्या. नवीन बसवायला माणूस बोलावलात तर पहिल्या पगारातलं फारसं काही उरणार नाही. आणि करार हातात आला की खिडक्या दिवसातून किती वेळा सताड उघडायच्या, याचा काही उल्लेख आहे का तेही वाचा. भिंतींना बुरशी धरली तर घरमालक दोष भाडेकरूवर टाकतो. आपल्या फोडण्यांमुळे तशाही त्या उघडाव्या लागतातच.